एक घास, एक पाऊल मागे

१२ ऑक्टोबर १९४१, वाल्देतोरा

पोचलो एकदाचे! स्टेशनापासून गावापर्यंतचा रस्ता खेचराच्या गाडीतून झाला आणि माझी हाडं अजून वेगवेगळ्या सुरांत वाजतायत. कासिल्दा मात्र सगळी वाट गात होती. माझी आठ वर्षांची लेक. माद्रिदला वर्षभर तिच्या तोंडून गाण्याची ओळ ऐकली नव्हती. गाडीवाला म्हणाला, पोरगी आहे की चंडोल? मी म्हटलं, चंडोलच, पण पिंजऱ्यातून आत्ताच सुटलाय. त्यावर तो इतका हसला की खेचर थांबलं.

काम ठरल्याप्रमाणेच आहे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, शिवाय घंटा आणि मेणबत्त्यांकडे बघायचं. आधीचे वादक डॉन प्लासिदो आता घरी बसून असतात, एवढंच पाद्री डॉन सेवेरो म्हणाले. वय झालं असेल. राहायला रुपेर्ता मावशीच्या घरची वरची खोली मिळाली आहे. खिडकीतून थेट स्टेशनाचा रस्ता दिसतो आणि रस्त्याच्या कडेला धान्य मळायची खळी. पगार म्हणजे खोली, थोडं तेल आणि पोतंभर पीठ. गव्हाचं नव्हे, गहू सरकार उचलून नेतं, जनावरांना घालतात त्या लाखोळीच्या डाळीचं. डॉन सेवेरो ते सांगताना जरा ओशाळले. मी म्हटलं, फादर, मी संत्र्याच्या साली उकळून खाल्ल्यात, मला लाखोळीची लाज सांगू नका. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा.

माझ्या बायकोनं, आगेदानं, मरताना माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं: पोरीला जगव. कासीच्या पायांच्या नुसत्या काड्या झाल्या आहेत. उन्हाळा येईतो त्या काड्यांवर मांस दिसलं पाहिजे. बाकी मला या जगाकडून काही नको. आज मी सुखात आहे आणि ते लिहून ठेवायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

१५ ऑक्टोबर

इथली जेवायची रीत मला फार आवडली. अंगणात तिकाटण्यावर एकच मोठी कढई, तिच्यात लाखोळीच्या पिठाचं घट्ट पिठलं. त्याला लसूण आणि लाल मिरचीची फोडणी, आणि नशीब असेल तर डुकराच्या चरबीचा एखादा तुकडा. ताटं नाहीत. घरचे आणि शेजारचे सगळे चमचा घेऊन कढईभोवती उभे राहतात. पुढे व्हायचं, एक घास घ्यायचा आणि एक पाऊल मागे सरायचं, म्हणजे दुसऱ्याला वाट मिळते. ढकलाढकली नाही, कुणी कुणाचा घास मोजत नाही. पुढे, मागे, पुढे, मागे. मला तर त्यात चक्क ताल ऐकू आला. त्या नादात मी मागे सरायला विसरलो आणि लागोपाठ दोन घास घेतले. रुपेर्ता मावशी कडाडली, काय हो उस्ताद, माद्रिदच्या माणसांना दोन तोंडं असतात का? सगळं अंगण हसलं, कासी सगळ्यात जास्त.

दोघे-तिघे मात्र कढईला लागून बुटक्या स्टुलांवर बसले होते. त्यातला एक मेलितोन. तो ऑर्गनचा भाता चालवतो, म्हणजे आता माझा जोडीदार. हात लोहारासारखे, पण पाय एकमेकांत अडकलेले. त्याला मागे सरता येत नाही, म्हणून तो कढईपाशीच असतो आणि खातच राहतो. मी म्हटलं, मग बसण्यातच फायदा आहे की! या विनोदाला कुणी हसलं नाही. मावशीनं समजावलं की जमिनीतली ओल आणि थंडी शिरलीय बिचाऱ्यांच्या पायांत. पोटात गरम गरम पडलं की थंडी निघते. म्हणून त्यांना जास्त वाढतात. माणसं दयाळू आहेत.

२६ ऑक्टोबर

पहिली मोठी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, वाजवली. ऑर्गन जुना आहे, दोन सूर मुके आहेत, पण खालच्या पायपट्ट्या दाबल्या की जो गंभीर आवाज निघतो तो छातीत उतरतो. मेलितोन माझ्याआधीच ऑर्गनच्या माळ्यावर येऊन बसला होता. तो जिना कसा चढतो ते नंतर पाहिलं. हातांनी चढतो, पाय मागून येतात.

एक गोष्ट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरी वाटणार नाही. माळ्यावरून लोकांच्या फक्त पाठी दिसतात, आणि ते गुडघे टेकतात तेव्हा तळवे. पाद्रींनी प्रसाद उंचावला, सगळे गुडघ्यांवर आले, शांतता झाली आणि त्या शांततेत टकटक सुरू झाली. मला वाटलं, छपरावर गारा पडतायत. मग खाली बघितलं. टाचा होत्या. बोटं फरशीला टेकलेली आणि टाचा वरखाली, वरखाली, अर्ध्या चर्चच्या, इतक्या जलद आणि इतक्या सारख्या की मी आयुष्यभर रियाज केला तरी मला ती लय धरता येणार नाही. माना प्रार्थनेत झुकलेल्याच होत्या. कुणीही खाली बघत नव्हतं. लोक उठले आणि आवाज थांबला.

मी मेलितोनकडे बघितलं तर तो म्हणाला, उस्ताद, खाली बघायचं नसतं, वेदीकडे बघा. पुढच्या रांगेत खुर्चीवर डॉन प्लासिदो होते. म्हातारे नाहीत ते, माझ्याएवढेच असतील. मान वळवून ते माळ्याकडे बघत होते. आधी वाटलं माझ्याकडे बघतायत, पण त्यांची नजर माझ्या पायांवर होती.

९ नोव्हेंबर

कासी अंगानं भरतेय! गाल वर आलेत, पोटऱ्या गोल झाल्यात. गावानं तिला डोक्यावर घेतलंय. ती दारोदार गात फिरते आणि दारोदार तिला चमचाभर पिठलं मिळतं. फेलिसाच्या घरी तर तिच्यासाठी वेगळा कांदा परततात. फेलिसा आणि तिचा नवरा ओनोरातो शेजारीच राहतात, पोर नाही त्यांना, जीव लावतात. त्यांचे उपकार कसे फेडू? काल मी देवासमोर मेणबत्ती लावली आणि रडलो. आनंदानं रडलो.

फक्त एकदाच ओरडलो तिला. गावातली पोरं ‘कात्री’ नावाचा खेळ खेळतात. चवड्यांवर उभं राहायचं आणि गुडघे घासत, पायात पाय टाकत मेलितोनसारखं चालायचं. कासी त्यात पटाईत झालीय. मी म्हटलं, लोकांच्या व्यंगाला हसू नये. ती म्हणाली, हसत नाही बाबा, मेलितोनकाकाच शिकवतात.

३० नोव्हेंबर

कडाका पडला आहे. सकाळी घंटेच्या मनोऱ्यावर चढताना डाव्या पोटरीत पेटका आला. पेटके काय, कुणालाही येतात. पण हा सुटेना. पाय ओंडक्यासारखा ताठ झाला आणि मी जिन्यात बसून त्याच्याकडे परक्या वस्तूकडे बघावं तसा बघत राहिलो. मावशीनं गरम वाइन चोळली, वर वाडगाभर पिठलं दिलं आणि म्हणाली, आली बाई थंडी तुमच्याकडेही, आता दुप्पट खायचं. खाल्लं. बरं वाटलं.

संध्याकाळी वाजवताना डावा पाय पट्टीवर उशिरा पोचत होता. पोचला की लवकर निघत नव्हता.

१३ डिसेंबर

आज तालुक्याचा डॉक्टर आला होता. वर्षातून एकदा येतो. रांगेत बसवून त्यानं सगळ्यांच्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय असे उडत होते की पहिल्या लाथेत त्याचा चष्मा गेला. लोक हसले. मीही हसलो, आणि माझी पाळी आली. हातोडी नीट लागलीसुद्धा नाही. पाय उडाला, त्याच्याबरोबर दुसराही उडाला. मी उडवले नव्हते. मग त्यानं माझं पाऊल तळव्याकडून वर दाबून धरलं आणि ते त्याच्या हातात फडफडायला लागलं, टकटक, टकटक. मी थांबवायचा प्रयत्न केला. जीव खाऊन केला. माझ्या सांगण्याशी त्या पायाचा काही संबंध नव्हता.

सगळे गेल्यावर मी त्याला गाठलं. दमलेला, सरळ माणूस आहे. म्हणाला, लोकांना वाटतं की मेंदू पायांना हल म्हणून सांगतो. पण हलायला पाय टपलेलेच असतात, धक्क्याला लाथ मारायची ही खोड पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचीच. मेंदूचं अर्धं काम त्यांना आवरून धरण्याचं. आवर हा हुकूम ज्या तंतूंतून खाली जातो ते तंतूच मरतायत तुमचे. पाय लुळे नाहीत पडलेले, मोकाट सुटलेत. ओढून धरणारं कुणी नाही म्हणून स्नायू ताठतात, टाचा उचलल्या जातात, मांड्या एकमेकींवर चढतात. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं. मी विचारलं, कशानं? तो म्हणाला, थंडीनं नाही आणि ओलीनंही नाही. लाखोळीनं. अधूनमधून खाल्ली तर काही होत नाही, पण महिनोन् महिने नुसती तीच पोटात गेली की हे होतं. आणि मेलेले तंतू परत येत नाहीत.

मग खायचं काय, असं मी विचारलं. तो बॅगेचा पट्टा कितीतरी वेळ लावत राहिला.

कासीच्या गुडघ्यावर त्यानं दोनदा मारलं. पाय जरासा उडाला. तिला गंमत वाटली, पुन्हा करा म्हणाली. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, पोरीची वेळ अजून गेलेली नाही, पण तिला इथून काढा. प्रवासाच्या परवान्यासाठी मी शिफारस करतो, वालेन्सियाला कुणी असेल तर उत्तमच, तिथे तांदूळ आहे. आहे, आगेदाची बहीण लेओकादिया आहे तिथे. तो गाडीत चढला तेव्हा पाद्रींच्या नोकरानं त्याच्या फीचं पोतं मागे ठेवलं. लाखोळीचंच. त्यानं ते परत दिलं नाही.

१६ डिसेंबर

डॉन सेवेरोंना सगळं सांगितलं. वेदीवरून लोकांना सांगा म्हटलं. ते म्हणाले, सांगतो, आणि मग त्यांना खायला काय देऊ? प्रवचन? मी खोलीत आहे तोवर त्यांनी झगा गुडघ्यांवर घट्ट ओढून धरला होता. कापड थरथरत होतं.

मावशीला सांगितलं. ती चिडली नाही, हसली. म्हणाली, आमच्या आज्या-पणज्या हेच खाऊन म्हाताऱ्या झाल्या. म्हटलं, त्यांच्याकडे जोडीला गव्हाचा पाव होता ना, मावशी? तेव्हा ती कढई घासायला लागली.

ठरवलंय. रेशनचा काळा पाव येईल तो सगळा कासीचा. माझ्या वाट्याचाही. मी लाखोळी खाईन, कारण काहीतरी खाल्ल्याशिवाय मला उभं राहता येणार नाही, आणि ती खाल्ली तरी राहता येणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. पण पोर आडाबाहेर राहील.

२१ डिसेंबर

तिला पाव पुरत नाही. रडते. काल मी तिला कढईजवळून ओढून नेलं तर मावशी सगळ्यांसमोर ओरडली, बाप आहेस की सैतान रे तू? पोरीच्या तोंडचा घास काढतोस? ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

खोलीचं दार बंद करून तिला मांडीवर घेऊन बसलो. बसवेना. तिच्या वजनानं माझे पाय थडथडायला लागले. ती म्हणाली, बाबा, घोडा घोडा खेळतोयस? मी हो म्हणालो.

२८ डिसेंबर

ती खातेय. सगळे तिला खाऊ घालतायत. मी मनोऱ्यावर घंटा वाजवायला गेलो की फेलिसा मागच्या दारानं तिला नेते. कासीनंच सांगितलं, तिला खोटं बोलता येत नाही. बाबा, तिथे कांदा असतो.

फेलिसाच्या दारात जाऊन मी हात जोडले. तिनं मला आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, भावजी, तुम्ही दुःखानं भ्रमिष्ट झालाय, घ्या, दोन घास खा. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. अशा माणसाशी भांडायचं कसं? वैरी असता तर त्याचा गळा धरला असता.

खाल्लं मी. भूक लागली होती.

६ जानेवारी १९४२

बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण. चर्च भरलेलं.

प्रसाद उंचावला तेव्हा डावा पाय खालच्या पट्टीवर टेकलेला होता, नुसता टेकलेला. तो नाचू लागला. खर्जाची नळी त्या शांततेत भुंकायला लागली. दोन्ही हातांनी गुडघा दाबला, तर जास्तच. मेलितोनला खुणावलं, भाता सोड. त्यानं सोडला, पण आतली हवा संपेपर्यंत सूर वाजतच राहिला. मी नव्हतो वाजवत. मी फक्त तिथे बसलो होतो.

रागानं कुणीच वळलं नाही. एकटे डॉन प्लासिदो वळले आणि त्यांनी मान हलवली. धडा पाठ झालेल्या पोराकडे बघून मास्तर हलवतो तशी.

१९ जानेवारी

दोन काठ्या. गुडघे एकमेकांना सोडत नाहीत. पाऊल उचलायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. डोकं लख्ख आहे. डॉक्टर बरोबर होता; डोक्याला सगळं कळतं.

आज कढईपाशी मागे सरलो नाही. कुणीतरी मागून स्टूल सारलं. कुणी, ते बघितलं नाही. ते गरम घास चांगले लागतात, ही लाजेची गोष्ट आहे, पण खरी आहे.

कासी सरळ चालतेय. रोज बघतो. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवतो. टाच टेक, मग बोटं. टाच, बोटं. कंटाळते बिचारी.

३० जानेवारी

परवाना अजून आला नाही. ऑर्गन बंद. जिना हातांनीसुद्धा जमला नाही. खोलीवर मला मेलितोननं चढवलं, पाठीवर. तो म्हणाला, रडू नका उस्ताद, दुखत तर नाही ना? नाही. दुखत नाही. तेच भयंकर आहे.

कासी— आज जिन्यात अडखळली. घाईनं. पायताण सैल आहे तिचं. पायताणच.

४ फेब्रुवारी

परवाना आला! दोघांच्या नावाचा. पण मला आता कोण नेणार? गाडी नाही, खेचर गेल्या महिन्यात कापून खाल्लं. तिनं तरी जावं. ओनोरातो आणि फेलिसा तिला चालत स्टेशनावर नेतील, वालेन्सियाच्या गाडीत बसवतील. तिकडे लेओकादिया घ्यायला येईल. फेलिसा आधी नाही नाही म्हणाली. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं असतं, पण वाकलो तर पडतो. माझं तोंड बघूनच ती कबूल झाली.

कासीला सांगितलं. बाबा, तू नंतर येशील? म्हटलं, येईन.

भिंतीपासून भिंतीपर्यंत चालवून बघितलं. टाच, बोटं. ठीक आहे. थोडी दमते. ठीक आहे.

११ फेब्रुवारी, सकाळ

मावशीनं मला खिडकीशी बसवलं आहे. वही मांडीवर. मांडी थरथरते, अक्षर वाकडं येतंय.

कासी गेली. गळ्यात पडली आणि सोडेना. माझ्या गालाला तिच्या तोंडाचा वास आला. लसूण, कांदा. निरोपाचं जेवण घातलं असेल फेलिसानं. असू दे. शेवटचंच.

रस्त्यावर आले. ओनोरातोच्या खांद्यावर गाठोडं, मध्ये ती. चालतेय. छान चालतेय! टाचा टेकतायत. इथून दिसतंय मला. आगेदा, बघ, पाठवली मी तिला.

वळून हात केला. मीही केला.

खळ्यापाशी पोचले. थांबलेत. ती खाली बसली आहे. पायताण बांधत असेल.

अजून बसलीय.

ओनोरातोनं काखेत धरून उभं केलं. बसली. पुन्हा उभं केलं— नाही, थट्टा करतेय, तिला सवयच आहे, कात्री खेळतेय— ऊठ ग बाळा— ऊठ, गाडी निघून जाईल—

ती रडतेय. आवाज येत नाही इथे, तोंड दिसतंय. स्वतःच्या पायांवर बुक्क्या मारतेय.

मावशीला हाक मारली. खाली आहे, ऐकू जात नाही. काठ्या कोपऱ्यात—

फेलिसा माझ्याकडे बघून हात करतेय. दोन्ही हातांनी बोलावतेय. या म्हणतेय, लवकर या— मी उठतो— मी आत्ता उठ